आधी ग्रामसभेत मांडा
प्राध्यापकांनी लोकांसोबत केलेलं काम परिषदांत आणि विशेषांकांत मांडावं, हा एका लेखातला आग्रह पटला. आमच्या मराठवाड्यात असं काम भरपूर होतं, पण ते एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजनेच्या) वार्षिक अहवालात जाऊन कपाटात पडतं. विद्यार्थी विहिरींची पातळी मोजतात, आईबाप ऊसतोडीला गेले की मुलांच्या शाळेचं काय होतं ते नोंदवतात. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. आसपासच्या बोअरच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी कॉलेजांनी वेळीच लोकांपुढे ठेवल्या असत्या, तर टंचाई आराखड्याला केवढा आधार मिळाला असता!

एनएसएस १९६९ पासून आहे, कॉलेजांना गावांशी जोडणारं उन्नत भारत अभियान २०१४ पासून. व्यवस्था आहेच. अडतं ते पुढे. बढतीसाठी निबंध इंग्रजीत लिहिला जातो आणि ज्यांच्या विहिरी मोजल्या त्यांना तो कधी दिसतच नाही. हे मला फार खटकतं.

म्हणून निष्कर्ष आधी ग्रामसभेत, मराठीत मांडा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या ग्रामसभेच्या तारखा सगळ्यांना पाठ आहेत. तिथं एखादी आजी उठून "ही विहीर तर मार्चातच आटती" म्हणाली, तर आकडा जागेवर दुरुस्त होतो. नोंदी ठेवणाऱ्या गावकऱ्यांची नावं, त्यांना विचारून, सहलेखक म्हणून द्या.

आणि नांदेड, छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठांनी असं काम मांडायची परिषद नोंदणी शुल्काशिवाय तालुक्याच्या गावी भरवावी. सीएचबीवरच्या, म्हणजे तासांवर पैसे मिळणाऱ्या प्राध्यापकांना पुण्या-मुंबईचा खर्च झेपत नाही.