खुबा दुखतो म्हणजे सायटिकाच?

हा फॉरवर्ड गेल्या पंधरा दिवसांत चार ग्रुपवर आला. मजकूर थोडक्यात असा: 'खुबा दुखतो म्हणजे सायटिकाची नस दबलीय. एक्स-रे नॉर्मल असेल तर हाड ठणठणीत. सांध्यातलं वंगण संपतं, म्हणून रोज अर्धा तास घट्ट मांडी घाला आणि दुखऱ्या कुशीवरच झोपा. ऑपरेशन टळेल.' फिजिओथेरपीच्या टेबलाशी दिवस काढणाऱ्या माणसाला हे वाचून गप्प बसवत नाही.

आधी 'खुबा' म्हणजे कुठे ते ठरवू. विचारलं की एकजण कुल्ल्यावर हात ठेवतो, दुसरी बाजूच्या टणक हाडावर बोट टेकवते, तिसरा अंगठा मागे आणि बोटं जांघेत अशी पकड करून दाखवतो. तिघांचं दुखणं बहुधा वेगवेगळं असतं. सायटिक नस कमरेतून निघून कुल्ल्यातून मांडीच्या मागून पावलाकडे जाते. ती दबली तर कळ सहसा गुडघ्याखाली उतरते, मुंग्या येतात. खुब्याचा खरा सांधा मात्र जांघेच्या मागे खोल असतो, त्यामुळे पकड करून दाखवणाऱ्याच्या सांध्याकडे आधी बघायचं. पायाची नखं कापता येत नाहीत, मोजे घालताना जीव जातो, ही त्याची तक्रार. आणि एक चकवा: खुब्याला आणि गुडघ्याला काही नसा सामाईक आहेत. लंगडणारं मूल 'गुडघा दुखतो' म्हणतं, गुडघ्याचा एक्स-रे स्वच्छ येतो आणि आजार निघतो खुब्यात.

एक्स-रेचं वाक्य तर धोक्याचंच आहे. मांडीच्या हाडाच्या गोल डोक्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या बारीक असतात आणि हाडाच्या मानेला चिकटून वर चढतात. हा पुरवठा तुटला की हाड आतून मरू लागतं. डॉक्टर याला एव्हीएन म्हणतात. सुरुवातीला एक्स-रेत काहीच दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतं. जास्त दिवस घेतलेले स्टेरॉईड, दारू, खुब्याजवळचं फ्रॅक्चर ही नेहमीची कारणं. गडचिरोली-नंदुरबारकडे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही विसरून चालत नाही. डोकं गोल आहे तोवर हाडाला भोक पाडून आतला दाब कमी करण्यासारखे उपाय करता येतात. ते खचलं की बऱ्याच जणांना सांधाच बदलावा लागतो. म्हणजे 'ऑपरेशन टळेल' म्हणत घालवलेले महिनेच मोठ्या ऑपरेशनकडे नेतात.

वंगणाबद्दल फार लिहीत नाही. सांध्यातला द्रव गाडीच्या ऑइलसारखा संपत नाही, आतलं अस्तर तो सतत तयार करत असतं.

आता मांडी आणि कूस. बाजूच्या टणक हाडावर ग्लुटियस मिडियस या कुल्ल्याच्या स्नायूचा कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी दोरी, चिकटतो. एका पायावर उभं राहिलं की कंबर तोलून धरतो तो हाच स्नायू. तो दुबळा असेल तर उचललेल्या पायाकडची कंबर खाली झुकते. जर्मन सर्जन ट्रेंडेलेनबर्ग यांनी 1895 मध्ये ही खूण सांगितली, आम्ही आजही तीच बघतो. या स्नायूची ओढ धरून, एका पायावर उभं असताना सांध्यावर शरीराच्या वजनाच्या साधारण अडीचपट भार येतो. (हा भार हलका व्हावा म्हणून काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. निम्मे लोक उलटी धरतात.) बाजूला दुखणं चाळिशीपुढच्या बायकांत जास्त, आणि बहुतेकींचा हा कंडराच कुरकुरत असतो. दुखऱ्या कुशीवर झोपलं की तो हाड आणि गादीच्या मध्ये चेमटतो, पायावर पाय टाकून बसलं की हाडावर ताणून दाबला जातो. घट्ट मांडीनंही कित्येकींची कळ वाढते. म्हणजे फॉरवर्डनं नेमकं तेच करायला सांगितलंय. मी उलट सांगते: चांगल्या कुशीवर झोपा, दोन गुडघ्यांमध्ये उशी घ्या, एका पायावर भार टाकून कंबर लचकवत उभं राहू नका, आणि स्नायूला हळूहळू बळ आणा. त्याला आठवडे नाही, महिने लागतात.

ज्यांचं काहीच दुखत नाही त्यांनी खुशाल मांडी घालून जेवावं. पंगतीशी माझं भांडण नाही.