आयझेन खलनायक आहेच, पण ती खुर्ची कुणाची होती?

'ब्लीच' या जपानी मांगावरची (म्हणजे चित्रकथेवरची) कुठलीही चर्चा थोडी तापली की कुणीतरी येऊन लिहून जातंच, 'काही म्हणा, आयझेन बरोबर होता.' परवा पुन्हा तेच वाचलं. कमेंटमध्ये भांडत बसण्यापेक्षा म्हटलं एकदा सविस्तर लिहून टाकावं. स्पॉयलर भरपूर आहेत. ज्यांना बघायचंय त्यांनी इथेच थांबा, ज्यांना जपानी मांगाशी घेणं-देणं नाही त्यांनी मात्र वाचा, कारण विषय तसा आपल्या सगळ्यांच्याच ओळखीचा आहे. माझा तर रोजचा. मी जिल्हा न्यायालयात वकिली करते.

आधी थोडक्यात ओळख. टाइटो कुबोचा हा मांगा 2001 ते 2016 अशी पंधरा वर्षं साप्ताहिकात चालला, 74 खंड झाले. त्यात शिनिगामी नावाची एक संघटना आहे. काळे किमोनो, कमरेला तलवार, तेरा तुकड्या, प्रत्येकीला एक कप्तान. काम काय, तर मेलेल्या माणसांचे आत्मे गोळा करून पलीकडे पोचवणं. तलवारीची मूठ कपाळाला टेकवली की आत्मा रवाना. जे आत्मे इथेच अडकून राहतात आणि पुढे राक्षस होतात, त्यांना तलवारीने कापून शुद्ध करायचं. पलीकडच्या जगाचं नाव सोल सोसायटी. ऐकायला सगळं छान, पवित्र वगैरे.

आता पलीकडे पोचल्यावर काय होतं ते बघा. मधोमध तटबंदीच्या आत पांढरंशुभ्र शहर, सेइरेइतेई. तिथे शिनिगामी आणि सरदार घराणी राहतात. बाहेर रुकोनगाई, म्हणजे आपण सगळे मेल्यावर जिथे जाणार ती वस्ती. चार दिशांना प्रत्येकी 80 विभाग. एक नंबरात शिस्त, शांतता. जसजसा आकडा वाढतो तसतशी परिस्थिती बिघडत जाते आणि शेवटच्या विभागांत सरळ खून-मारामाऱ्या. तुम्हाला कुठला विभाग मिळणार हे तुमच्या कर्मावर अजिबात ठरत नाही. जिथे टाकतील तिथे राहायचं. नवरा-बायको, आई-मुलं एकत्र राहतील याचीही हमी नाही. आपल्याकडे निदान चित्रगुप्ताची वही तरी आहे.

त्यातही खरी मेख भुकेची आहे. मेलेल्या माणसाला भूक लागत नाही, पाण्यावर भागतं. भूक फक्त त्यांनाच लागते ज्यांच्या आत्म्यात ताकद आहे. रुकिया आणि रेंजी ही दोन पोरं 78व्या विभागात वाढली, पाणीसुद्धा चोरून प्यायची तिथे. सोबतचे तिघे मित्र एकामागून एक गेले. त्यांना पुरल्यावर टेकडीवर उभं राहून रुकिया म्हणते, आपण शिनिगामी होऊ या. का, तर शिनिगामी झालं की तटबंदीच्या आत राहता येतं. बस, एवढंच कारण. तिथे ना सेवेची ओढ, ना आत्म्यांची काळजी. ज्यांच्यात ताकद आहे त्यांनाच भूक, आणि भूक भागण्याचा सरळ रस्ता एकच, ज्यांनी तुम्हाला इथे आणून टाकलं त्यांच्यात सामील होणं. भरतीची यापेक्षा पक्की सोय मी कुठल्या कल्पित जगात वाचलेली नाही, आणि कुबो ती दोन-चार पानांत सांगून पुढे निघून जातो.

पुढे हीच रुकिया गुन्हेगार ठरते. गुन्हा काय? इचिगो नावाच्या माणसाचा, म्हणजे गोष्टीच्या नायकाचा, आणि त्याच्या बहिणींचा जीव वाचवण्यासाठी आपली शक्ती त्याला दिली. शिक्षा मृत्युदंड, आणि तोही कप्तानांसाठी राखून ठेवलेल्या अस्त्राने. आधी 35 दिवसांची मुदत होती, ती 25वर आणली, मग आणखी कमी केली. कारण कुठेही दिलेलं नाही. आरोपीला वकील नाही, सुनावणी नाही, अपील नाही. हा निकाल ज्यांनी दिला ते मंडळ म्हणजे सेंट्रल 46. चाळीस ज्ञानी आणि सहा न्यायाधीश. त्यांचा शब्द सरसेनापतीलाही मोडता येत नाही. याच मंडळाने शंभरेक वर्षांपूर्वी उराहारा नावाच्या कप्तानाला त्याचं म्हणणं ऐकून न घेता हद्दपार केलं होतं, आणि ज्या आठ जणांवर कुणीतरी चोरून प्रयोग केले होते त्या आठ पीडितांनाच राक्षस ठरवून मारून टाकायचा हुकूम दिला होता. पीडिताला फाशी! नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वांची इतकी पायमल्ली बघून माझ्यासारखीला राग येण्याआधी हसूच येतं.

रुकियाचा मानलेला भाऊ ब्याकुया स्वतः कप्तान. मरणाऱ्या बायकोला त्याने शब्द दिलेला असतो की तुझ्या बहिणीला, म्हणजे रुकियाला, सांभाळीन. पण त्याने आईवडिलांच्या समाधीसमोरही शपथ घेतलेली असते की यापुढे कायदा मोडणार नाही. म्हणून तो बहिणीला मरू द्यायला तयार. लोक याला शोकांतिका म्हणतात. मला त्यात फक्त एवढंच दिसतं की या हुशार, खानदानी, अभ्यासू माणसाला हुकूम आणि कायदा यांत काही फरक असतो हेच कुणी शिकवलेलं नाही.

आणि मग येतो तो प्रसंग. हित्सुगाया नावाच्या पोरसवदा कप्तानाला शंका येते. तो जमिनीखालच्या त्या न्यायसभेत शिरतो. आत सेहेचाळीसच्या सेहेचाळीस मेलेले. जागच्या जागी, आपापल्या आसनांवर कोसळलेले. आणि रक्त सुकून काळं पडलेलं. म्हणजे खून आजचा नाही, कालचाही नाही. मग इतके दिवस हुकूम काढत होतं कोण? तारखा कोण अलीकडे आणत होतं? आयझेन. एका तुकडीचा कप्तान, मेलेला समजलेला, चष्मेवाला, गोड बोलणारा आयझेन.

आता आयझेनचे चाहते म्हणतील, त्याची तलवारच भ्रम पाडणारी आहे, कुणाला कळणार कसं? बरोबर आहे. त्या सभेत कुणी डोकावलं असतं तर बैठक चालू असल्याचा भास व्हावा अशी त्याने व्यवस्था केली होती. पण जादू लागली ती दारापुरती. हुकमांना जादू लागलीच नाही. विनाकारण कडक शिक्षा, विनाखुलासा कमी होणारी मुदत, प्रश्न विचारणाऱ्याला 'वरून आलंय' हे उत्तर. हे सगळं आयझेनचं होतं, आणि तरी कुणाला वेगळं वाटलं नाही, कारण खरं सेंट्रल 46 असतं तरी असाच हुकूम निघाला असता. उकिताके आणि क्योराकू हे दोनच कप्तान म्हणाले की शिक्षा जरा जास्तच होतेय, आणि त्यांच्याच गुरूने त्यांच्यावर तलवार उपसली. ज्या न्यायाधीशांचा खून झालेला दिवसेंदिवस कामकाजावरून ओळखू येत नाही, ते जिवंतपणी काय करत होते हा प्रश्न मला आयझेनच्या अख्ख्या कटापेक्षा मोठा वाटतो.

इथे मला हटकून मांडव्य ऋषी आठवतात. महाभारताच्या आदिपर्वातली गोष्ट. मौन धरून तप करत बसलेले, चोरांनी मुद्देमाल त्यांच्या आश्रमात लपवला, राजाच्या माणसांनी चोरांबरोबर त्यांनाही धरलं आणि सुळावर चढवलं. पुढे ते थेट यमधर्माकडे गेले, हे कशाचं फळ म्हणून जाब विचारायला. यम म्हणाला, लहानपणी तुम्ही एका कीटकाच्या शेपटीत काडी खुपसली होती. मांडव्य म्हणाले, एवढ्याशा पोराच्या चुकीला एवढी शिक्षा? आणि यमालाच शाप दिला, जा, माणूस होऊन जन्म घे. तो विदुर. वर नियमही घालून दिला की वयाच्या चौदा वर्षांपर्यंत केलेलं पाप म्हणून धरलं जाणार नाही. (आपल्या फौजदारी कायद्यात सात वर्षांखालच्या मुलाचं कृत्य गुन्हा ठरत नाही. मांडव्य आमच्याहून उदार निघाले.) म्हणजे बघा, यमाच्या दारात दाद मागता येते, यमाची चूक निघते, यमाला शिक्षा होते आणि कायद्यात दुरुस्तीही होते. सोल सोसायटीत यातलं काही म्हणजे काही नाही. आत्मे गोळा करणाऱ्याला विचारणारा त्या जगात कुणी नाहीच.

विचारणारा नसला की काय काय चालतं त्याचे नमुने कुबोने जागोजागी पेरलेत. तुरुंगाचंच घ्या. दुसऱ्या तुकडीकडे एक बंदिवास आहे, नाव 'अळ्यांचं घरटं'. तिथे गुन्हा केलेले नाहीत, 'हा पुढे धोकादायक ठरेल' असं वाटलेले सैनिक डांबलेत. बाहेर सांगायचं की ते तुकडी सोडून गेले. आपल्याकडेही प्रतिबंधात्मक स्थानबद्धता आहे, मी तिच्याविरुद्ध अर्ज केलेत, पण तिथे निदान सल्लागार मंडळ असतं, मुदत असते, आदेशाची कारणं हातात पडतात. त्या घरट्यात यातलं काहीच नाही. आणि तिथून बाहेर काढलेला एक कैदी, मायुरी, पुढे संशोधन खात्याचा प्रमुख होतो.

मायुरीचा तो प्रसंग मला विसरता येत नाही. क्विन्सी नावाची धनुर्धर जमात. त्यांच्या बाणाने राक्षसाचा आत्मा शुद्ध होण्याऐवजी कायमचा नष्ट व्हायचा आणि दोन जगांतल्या आत्म्यांचा तोल बिघडायचा, म्हणून दोनशे वर्षांपूर्वी शिनिगामींनी अख्खी जमात संपवली. उरलेल्यांतला एक म्हातारा राक्षसांशी लढताना मरतो, शिनिगामी मदतीला उशिरा पोचतात. त्याचा नातू उर्यू हे आयुष्यभर उराशी बाळगून असतो. आणि समोर उभा राहून मायुरी सहज सांगतो की उशीर मुद्दाम केला होता, नमुना हवा होता. वर त्या म्हाताऱ्याचा, प्रयोगांनंतर उरलेल्या देहाचा फोटो काढून नातवाला दाखवतो. चेहऱ्यावर क्रौर्य नाही, एखादी जुनी फाइल सापडल्यासारखा भाव. याच माणसाने पुढे उरलेल्या क्विन्सींशी झालेल्या युद्धाच्या सुरुवातीला जगाचा तोल सावरायला रुकोनगाईतले 28,000 जण मारले. तोल बिघडवतात म्हणून ज्यांना नामशेष केलं, त्यांच्या निमित्ताने तोल सावरायला स्वतःच्याच प्रजेची कत्तल. आणि हा माणूस खलनायकांच्या यादीत नाही बरं का. चाहत्यांचा लाडका आहे.

या सगळ्यात मला जवळचा वाटतो तो तोसेन. आंधळा, मितभाषी. त्याची एक मैत्रीण होती, शिनिगामी होणार होती. तिचं लग्न झालं एका शिनिगामीशी. त्या नवऱ्याने क्षुल्लक कारणावरून सहकाऱ्याला मारलं, ती त्याला बोलली, तर तिलाही मारलं. पुढे आलेल्या कादंबरीत कळतं की नवरा चार बड्या सरदार घराण्यांपैकी एकातला, त्याला फारसं काही झालं नाही. तोसेनने काय केलं? तिची तलवार उचलली, ती घेऊन त्याच संघटनेत भरती झाला, कप्तान झाला, आणि आयझेनच्या बाजूने गेला. त्याचा राग शंभर टक्के खरा होता. अशी माणसं मी कोर्टाच्या पायऱ्यांवर बसलेली पाहते. वर्षानुवर्षं फेऱ्या मारून थकलेली, आणि शेवटी 'तुमचं काम करून देतो' म्हणणाऱ्या कुणाच्याही मागे जायला तयार झालेली. आयझेनने तोसेनला न्याय दिला का? तो हरतोय असं दिसताच त्याच्याच माणसाने, म्हणजे आयझेननेच, त्याच्या चिंधड्या उडवल्या. 'आयझेन बरोबर होता' म्हणणाऱ्यांनी हे पान पुन्हा उघडून बघावं. आयझेनला व्यवस्थेचा दोष दिसला होता, हे मान्य. पण त्याला सेंट्रल 46ची ती रिकामी खुर्ची मोडायची नव्हती, तीत बसायचं होतं. वर आणखी उंच सिंहासन होतं, त्यावर डोळा होता.

माझी कुबोशी खरी तक्रार पुढची आहे. आयझेन हरतो, मग काय होतं? नवीन सेंट्रल 46 नेमलं जातं. जुन्याच पद्धतीने. आयझेनला उभं करतात, 18,800 वर्षांची कैद सुनावतात. तो त्यांची टिंगल करतो, तर तिथल्या तिथे शिक्षा 20,000 वर्षं करतात. टिंगलीची बाराशे वर्षं! कुबोला हे हास्यास्पद आहे हे पक्कं माहीत होतं, म्हणून तर त्याने ते तसं लिहिलं. पण नायक इचिगोला तो कधी हे प्रश्न विचारू देत नाही. शिनिगामींनी आपल्याला दिलेल्या बिल्ल्यानेच आपल्यावर पाळत ठेवली हे कळल्यावरही इचिगो त्यांच्याकडेच राहतो. फक्त एकदा तो आत जाऊन मागणी करतो, ज्याला आधी असाच बिल्ला मिळाला आणि ज्याने तो नाकारला त्या गिंजोचा देह द्या, मला त्याला माणसांच्या जगात पुरायचंय. कप्तान अवाक होतात. तेवढं एक सोडलं तर अख्खी गोष्ट, कुबोने स्वतः इतक्या कसोशीने उभी केलेली, जवळजवळ तशीच सोडून दिली आहे.

2021मध्ये विसाव्या वर्षानिमित्त त्याने एक छोटी गोष्ट लिहिली. तीत मेलेल्या कप्तानाच्या सन्मानाचा बारा वर्षांनी होणारा विधी आहे. तो खरा कशासाठी, तर कप्तानांचा आत्मा इतका जड की तो मातीत विरत नाही, म्हणून त्याला नरकात लोटून द्यायचं. विधी करणाऱ्यांनाही हे माहीत नाही. आयुष्यभर दुसऱ्यांचे आत्मे पोचवले, स्वतःचे कुठे जातात ते विचारलं नाही. तो धागा पुढे कधी वाढवणार, की हाही तसाच लोंबकळत ठेवणार, देव जाणे.

ज्यांना बघायचंय त्यांच्यासाठी: जुन्या मालिकेचे पहिले 63 भाग बघा, रुकियाचं प्रकरण तिथे संपतं. त्यानंतर बाउंट नावाच्या मंडळींचं जे लांबण लागतं ते मूळ मांगात नाही, बिनधास्त गाळा. 2022पासून आलेले नवे भाग चित्रांसाठी तरी बघाच. आणि आयझेनचे चाहते कमेंटमध्ये येणार असतील तर जरूर या, पण तोसेनबद्दल काय म्हणायचंय ते ठरवून या.