खिडक्या बुजवू नका : हीट रिकव्हरीच्या मेसेजला उत्तर

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घर बांधणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. घरात हीट रिकव्हरी व्हेंटिलेशन बसवा आणि खिडक्या कायमच्या बंद करा, म्हणजे वीजबिल निम्म्यावर येईल, उन्हाळ्यात घर गार राहील, पावसाळ्यात बुरशी धरणार नाही, हवा शुद्ध मिळेल, असं त्यात म्हटलंय. ज्यांचं काम आत्ता लिंटलपर्यंत आलंय त्यांनी यावर विसंबून खिडक्या कमी करू नयेत, म्हणून हे लिहितोय.

यंत्र खोटं नाही. एक पंखा आतली कोंदट हवा बाहेर टाकतो, दुसरा बाहेरची ताजी हवा आत घेतो. मधल्या पेटीत दोन्ही हवा पातळ पडद्यांच्या अलीकडून-पलीकडून जातात. हवा मिसळत नाही, उष्णता तेवढी इकडची तिकडे जाते. चांगलं यंत्र ७५ ते ९० टक्के उष्णता राखतं. जर्मनीत डार्मस्टाटला १९९१ मध्ये माणसं राहायला गेली त्या पहिल्या पॅसिव्ह हाउसमध्येही (अगदी कमी ऊर्जेत भागणाऱ्या हवाबंद घरात) ते होतं.

आता बिलाचं बघू. तासाला १०० घनमीटर हवा बदलायची धरली, तर आतबाहेरच्या तापमानात दर अंशाच्या फरकामागे सुमारे ३३ वॅट उष्णता जाते-येते. बाहेर शून्य आणि आत २० अंश असेल तिथे ६६० वॅट वाया जातात. ८० टक्के परत मिळाले तरी ५३० वॅट वाचले. पंखे खाणार ४५ वॅटच्या आसपास. तिथे सौदा फायद्याचाच आहे. आपल्याकडे थंडीत हीटर लावतो कोण? घोंगडी-रजईवर थंडी निघते, मग वाचणार कुठलं बिल? उन्हाळ्यात बाहेर ३६ आणि एसी लावून आत २६ धरा. फरक १० अंशांचा, म्हणजे ३३० वॅट, त्यातली ८० टक्के म्हणजे २६४ वॅट उष्णता अडली. एसी एका वॅट विजेत साधारण तीन वॅट उष्णता बाहेर काढतो, म्हणून खरी बचत ८८ वॅटची. पाच तास एसी चालला तर अर्धा युनिटसुद्धा वाचत नाही. आणि खिडक्या बंद म्हणजे पंखे चोवीस तास चालणार, त्याला दिवसाला एक युनिट. बिल वाढणारच.

घर गार राहण्याचं म्हणाल तर बेळगाव साडेसातशे मीटर उंचीवर आहे. एप्रिलातसुद्धा रात्री बाहेरची हवा उतरते, स्लॅब मात्र तापलेला असतो. त्या वेळी समोरासमोरच्या दोन खिडक्यांतून जेवढा वारा येतो तेवढा यंत्राच्या नळ्यांतून येत नाही. बायपास, म्हणजे मधली पेटी टाळून हवा थेट आत घ्यायची वाट, नसेल तर यंत्र ती गार हवा उलट कोमट करून आत सोडतं.

बुरशीचा दावा सगळ्यात फसवा. खानापूर तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबीकडे जुलैत बाहेरची हवाच ओलीगच्च असते. साधं हीट रिकव्हरी यंत्र ती ओल अडवत नाही. एनर्जी रिकव्हरी नावाचा प्रकार थोडी अडवतो, पण आतली हवा एसीने किंवा डीह्युमिडिफायरने कोरडी ठेवली असेल तरच. बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट जरा ओढून बघा. मोकळ्या भिंतीपेक्षा कपाटामागेच बुरशी जास्त दिसेल, कारण तिथे वारा फिरत नाही. पावसाचा मारा ज्या भिंतीवर आहे तिथे चिऱ्यात पाणी मुरतं, गच्ची पाझरते. त्याला छज्जा हवा, बाहेरून नीट गिलावा हवा, गच्चीचं वॉटरप्रूफिंग हवं, कपाटामागे चार बोटं जागा आणि बाथरूमला एग्झॉस्ट फॅन हवा. कौलारू घरात तर या यंत्राचा प्रश्नच नाही, ते घर हवाबंद होतच नाही.

शुद्ध हवेचं मात्र बऱ्यापैकी खरं आहे. हायवेलगतचा नवा फ्लॅट, घरात दम्याचा पेशंट, दिवसभर एसी. तिथे मी स्वतः हे यंत्र बसवा म्हणेन. बारीक फिल्टर वाहनांची धूळ, उसाचं पाचट जाळल्याचा धूर बराच अडवतो. वास जात नाही, त्याला कार्बनचा वेगळा फिल्टर लागतो. दर काही महिन्यांनी फिल्टर साफ केला नाही, बदलला नाही, तर तो तुंबतो. आणि स्वयंपाकघराची चिमणी या नळ्यांना जोडू नका, फोडणीचा तेलकट धूर आत चिकटून बसेल.

राहिल्या बंद खिडक्या. बाथरूममध्ये गॅस गिझर, चूल किंवा बंब असलेल्या घरांत हा सल्ला जीवघेणा आहे. हवा कमी पडली की ज्योतीतून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू होतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणूस कळायच्या आत बेशुद्ध पडतो. वर लाइट गेली की यंत्राचे पंखे बंद, हवा येण्याची दुसरी वाट नाही. थंडीसाठी म्हणून कोणी बाथरूमचा झरोका पुठ्ठ्याने बुजवला असेल तर तो आजच काढा. गिझर बाहेर मोकळ्या जागी बसवून घ्या आणि गरम पाण्याचा पाइप तेवढा आत आणा.