खिडकीतली जागा पकडा

मतदानाची सुट्टी असते, पण दर वेळी लोणावळ्याला खोली मिळतेच असं नाही. मग घरी बसून काहीतरी पाहणं आलं. गेल्या खेपेला आमच्या साडूंनी 'पीटरलू' लावला, का तर त्यात घोडदळ आहे असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. इंग्रज दिग्दर्शक माईक लीचा २०१८ सालचा सिनेमा, दोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडातला. घोडदळ आहे, खोटं नाही. पण ते यायच्या आधी दोन तास गिरणीकामगार, विणकर आणि त्यांच्या बायका आम्हाला मत द्या, मत द्या म्हणून बोलत राहतात. आम्ही बेसावध सापडलो. तुमचं तसं होऊ नये म्हणून चार अनुभवाचे बोल.

पहिली गोष्ट, लांबीबद्दल लगेच तक्रार करा. दोन तास चौतीस मिनिटं! त्यात दारूच्या गुत्त्यात भाषण, माळावर भाषण, बायकांच्या सभेत भाषण. त्या सभेत एक बाई उठून चक्क म्हणते की तुमचं हे अवघड बोलणं माझ्या डोक्यावरून जातंय. लगेच "बघा, तिलासुद्धा कंटाळा आला" असं म्हणून घ्या. या लोकांजवळ बोलण्यापलीकडे दुसरं काही नव्हतं, ही गोष्ट मनात येऊ देऊ नका. 'एडिटिंग टाइट हवं होतं' हे वाक्य अशा वेळी फार उपयोगी पडतं. कुठल्याही सिनेमाला चालतं.

मग कुणीतरी विचारेल, यांना मतच नव्हतं म्हणजे काय? थोडक्यात आटपा. मँचेस्टर हे तेव्हा लाखभर वस्तीचं शहर, धुराड्यांनी भरलेलं, आणि संसदेत त्याचा स्वतःचा एकही खासदार नाही. उलट ओल्ड सॅरम नावाच्या एका ओसाड टेकाडाचे दोन. टेकाडावर माणूस राहत नव्हता, पण खासदार दर वेळी न चुकता निवडून यायचे. मतदारयादीतल्या नावांवरून आपल्याकडे उगाच ओरड होते. तिकडे तर मतदारसंघच स्वर्गवासी होते. डनिच नावाचं बंदर बरंचसं समुद्रात गेलं, तरी त्याचे दोन खासदार कोरडेच्या कोरडे लंडनला बसलेले.

भाकरीचा विषय निघाला तर पाणी प्यायला उठा. १८१५ साली जमीनदारांच्या संसदेने धान्याचा कायदा केला. देशातला गहू ठरावीक भावापर्यंत चढल्याशिवाय बाहेरचा गहू आत येऊ द्यायचा नाही. म्हणजे पाव महाग. त्याच सुमारास हातमागवाल्यांची मजुरी घसरत घसरत पूर्वीच्या तिसऱ्या हिश्श्यावर आलेली. कायदा करणाऱ्यांची शेतं होती आणि पाव खाणाऱ्यांना मत नव्हतं. एवढं कळलं की पुढचा सिनेमा फारच कळायला लागतो, म्हणून म्हटलं, पाणी प्यायला उठा.

आता मुख्य सूचना. जागा नीट निवडा. १६ ऑगस्ट १८१९, सोमवार. सेंट पीटर्स फील्ड या मोकळ्या मैदानावर साठेक हजार माणसं जमलेली, आणि मैदानाच्या कडेला एका घराच्या वरच्या मजल्याच्या खिडकीत मॅजिस्ट्रेट लोक उभे. तुम्ही त्या खिडकीत उभे राहा. तिथून सगळं स्वच्छ दिसतं, अंगावर काही उडत नाही. शिवाय मंडळी ओळखीची वाटतील. जमीनदार, पाद्री. बोलणंही ओळखीचंच: या लोकांना काय कळतं, यांना कुणीतरी भडकावलंय, आज मत मागतायत, उद्या घरात शिरतील. आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर साधारण हेच येतं, फक्त खाली गुलाबाचं फूल असतं.

मैदानातले लोक सभ्य दिसतात, याने विरघळू नका. मँचेस्टरजवळच्या मिडलटनहून निघालेल्या जथ्याला त्यांच्या पुढाऱ्याने, सॅम्युअल बॅमफर्डने, बजावून ठेवलं होतं की स्वच्छ या, शुद्धीवर या, शिस्तीत या, आणि काठी फक्त म्हाताऱ्याकोताऱ्यांनी आणायची. ओळी चुकू नयेत म्हणून हे लोक आधी काही आठवडे पहाटे माळावर पावलं जुळवायचा सराव करत होते. कितीतरी बायका पांढरे कपडे घालून आल्या. एक हिरव्या आणि एक निळ्या रेशमाचा बॅनर, त्यांवर सोनेरी अक्षरं. आता खिडकीतून याचा अर्थ कसा लावायचा ते शिकून घ्या. बिनशिस्तीने आले असते तर झुंड. शिस्तीने आले, म्हणजे फौज. पहाटे सराव केला, म्हणजे कट. ही रीत एकदा बसली की पुढे आयुष्यात कुठल्याही मोर्चाला लावता येते. नवीन काही शिकावं लागत नाही.

हेन्री हंट नावाचा वक्ता पांढरी टोपी घालून व्यासपीठावर चढतो. सगळे वाट बघत होते ते घोडदळ इथे येतं. मॅजिस्ट्रेट हंटला पकडायचं वॉरंट काढतात आणि ते बजावायला पाठवतात गावातल्याच हौशी घोडेस्वारांना. दुकानदार, गुत्तेवाले, गिरणीवाले यांचं हे दळ. समोरच्यांपैकी कितीतरी जण त्यांच्या तोंडओळखीचे असणार. तलवारींना आधीच धार लावून घेतलेली होती. गर्दीत घोडे अडकले आणि तलवारी चालू झाल्या. मग त्यांची सुटका करायला खऱ्या घोडदळाला, पंधराव्या हुसार्सना, आत सोडलं. हे दळ चार वर्षांपूर्वी वॉटर्लूला नेपोलियनशी लढलेलं. वीसेक मिनिटांत मैदान रिकामं. मेलेल्यांचा आकडा साधारण पंधरा ते अठरा सांगतात. जखमी सहाशेच्या वर.

या भागात साडू गप्प झाले होते. ही वेळ धोक्याची असते. मी लगेच कॅमेरावर्कचं कौतुक केलं.

जॉन लीसबद्दल माहिती काढू नका. ओल्डहॅमचा हा कापडकामगार वॉटर्लूच्या लढाईतून जिवंत परत आला आणि सेंट पीटर्सच्या मैदानातल्या जखमांनी तीन आठवड्यांनी मेला. त्याच्या मृत्यूची चौकशी मध्येच तहकूब झाली आणि शेवटपर्यंत पुरी झाली नाही. सिनेमातही वॉटर्लूहून परतलेला एक पोरगा आहे, जोसेफ. अंगात लष्कराचा लाल कोट, कारण दुसरा नाही. त्याच कोटात तो सभेला येतो. वॉटर्लूवरूनच जेम्स रो या संपादकाने पीटरलू हा शब्द पाडला. हा शब्द आणि असंच लिखाण छापल्याबद्दल त्याला तुरुंग पाहावा लागला. विनोदाला दाद देण्याची ती तिकडची पद्धत असावी.

शब्दांवरून आठवलं. मँचेस्टरमध्ये त्या जागेवर १९७२ साली निळी पाटी लावली. त्यावर लिहिलं होतं की साठ हजारांच्या सभेपुढे हंट बोलला आणि नंतर लष्कराने जमावाला पांगवलं. पांगवलं! आपल्या वार्ताहरांनी ही पाटी पाहिली असती तर त्यांना माहेरी आल्यासारखं वाटलं असतं. फक्त 'सौम्य' शब्द राहिला. पुढे काही खोडसाळ लोकांनी आग्रह धरला आणि २००७ मध्ये लाल पाटी आली, तिच्यावर मेलेल्यांचा आकडा घातला. चांगली झाकलेली मूठ उघडली. तुम्ही बोलताना जुन्याच पाटीचा शब्द वापरा.

नंतर काय झालं हे समजून घेतलंत तर समाधान वाटेल. गादी सांभाळणाऱ्या राजपुत्राने मॅजिस्ट्रेट मंडळींचे आभार मानले. हंटला अडीच वर्षं, बॅमफर्डला वर्षभर तुरुंग. त्याच डिसेंबरात सहा नवे कायदे झाले, सभा आणि स्वस्त वर्तमानपत्रं यांना वेसण घालणारे. घोडेस्वारांवर पुढे दावा झाला, त्यात ते निर्दोष सुटले. कायद्याचं राज्य म्हणतात ते हेच.

एक इशारा. सिनेमा संपल्यावर तुमच्या तोंडून "पण खरं सांगू का, मत फक्त शिकलेल्यांना आणि टॅक्स भरणाऱ्यांनाच द्यायला हवं" हे वाक्य निघणार. आमच्याकडे साडूंच्या तोंडून निघालं. म्हणायला हरकत नाही, पण खिडकीतले लोकही हेच म्हणत होते, हे चाणाक्ष पोराबाळांच्या लक्षात येतं. आणि हा प्रयोग आपल्याकडे होऊन गेलाय. इंग्रजी अमलात मत द्यायचं तर मालमत्ता, कर नाहीतर शिक्षण दाखवावं लागे. पीटरलूला बरोबर शंभर वर्षं झाली त्या १९१९ साली आंबेडकर साउथबरो समितीपुढे याच मताधिकाराबद्दल साक्ष द्यायला उभे होते. पुढे सरसकट सगळ्यांना मत मिळालं ते १९५१-५२ च्या निवडणुकीत. तेव्हा आपल्या पणजोबांचं नाव जुन्या यादीत होतं का, हे शोधायला जाऊ नका. आमच्या पणजोबांचं नव्हतं.

शेवटी सिनेमात जोसेफचं दफन होतं. आई उभी आहे. तेवढ्यात आमच्याकडे धुणंभांडं करणाऱ्या मावशी ओला हात पदराला पुसत दारात येऊन थांबल्या. सकाळी त्या आल्या नव्हत्या, निरोप आला होता की रांगेत आहे. बोटावरची शाई अजून काळीभोर.

"काय झालं त्या पोराचं?"

मी सांगितलं. मताचा हक्क मागत होते, घोडे घातले.

"मग आईला तरी मिळालं का मत?"

मी मनातल्या मनात हिशोब केला. १८३२ ला मँचेस्टरला खासदार मिळाले, पण कामगारांना मत नाही. १८६७ ला काही पुरुषांना, १८८४ ला आणखी काहींना. १९१८ ला सगळ्या पुरुषांना आणि तिशी ओलांडलेल्या काही बायकांना. बरोबरीने बायकांना १९२८. मैदानापासून मोजलं तर एकशे नऊ वर्षं.

"नाही मिळालं," मी म्हणालो.

मावशींनी त्या बाईकडे जरा वेळ बघितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मला दीड तास लागला. तुमचं झालं ना, दादा?"

घड्याळात सव्वासहा वाजले होते. तुमच्यावर असा प्रसंग आला तर रिमोट हाताशी असू द्या. आमचा नेमका सोफ्याच्या फटीत गेला होता.