सॉफ्ट रोबॉट म्हणजे रबराचे फुगे? त्या फॉरवर्डला मुद्देसूद उत्तर

एक पोस्ट सध्या सगळीकडे फिरतेय, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आली, मग शाळेच्या ग्रुपवर, मग ऑफिसच्या. लिहिणाऱ्याचं नाव नाही. म्हणणं थोडक्यात असं की सॉफ्ट रोबॉट (सिलिकॉन, रबर अशा मऊ, लवचीक पदार्थांचे रोबॉट) म्हणजे रबराचे फुगे, ताकद शून्य, टाचणी लागली की खेळ खलास, कॉम्प्रेसरला बांधलेले असतात, प्राण्यांची नक्कल करून व्हिडिओ काढायचे एवढंच काम, आणि आपल्या मुलांनी या फॉरेनच्या फॅडमागे न लागता "खरं" रोबॉटिक्स शिकावं, म्हणजे लोखंडी हात आणि मोटर.

माझ्याकडे प्रोजेक्टसाठी मदत मागायला इंजिनिअरिंगची मुलं येतात. त्यातल्या दोघी ही पोस्ट वाचून विषय बदलायला निघाल्या होत्या. मला फार वाईट वाटलं, म्हणून बसून लिहितोय.

पहिला आरोप, ताकद नाही. अहो, हवेवर चालणारा स्नायू काही कालचा नाही. १९५० च्या दशकात अमेरिकेत जोसेफ मॅककिबेन नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने पोलिओने हात लुळा पडलेल्या आपल्या मुलीसाठी तो वापरला. आत रबरी नळी, बाहेरून तिरक्या विणीची जाळी. हवा भरली की नळी जाड होते आणि जाळीमुळे लांबीला आखडते, मग ती जे धरून असेल ते जोरात ओढते. तोच स्नायू आजही लॅबमध्ये वापरतात. २०१७ मध्ये हार्वर्ड आणि एमआयटीच्या लोकांनी उलटं केलं, हवा भरायच्या ऐवजी ओढून घेतली, प्लास्टिकच्या पिशवीत घडीचा सांगाडा ठेवला आणि व्हॅक्यूमने तो दुमडवला. २.६ ग्रॅमच्या स्नायूने ३ किलो उचललं. वजनाच्या हजारपट! हां, गाडीची बॉडी वेल्ड करायला मिलिमीटरच्या आत तोच तोच बिंदू गाठायचा असेल तर लोखंडी हातच हवा, त्यात वादच नाही. पण "ताकद शून्य" हे सरळ खोटं आहे.

दुसरा, टाचणी लागली की संपलं. पोस्टमध्ये थोडाफार दम असलेला हा एकच मुद्दा. सिलिकॉनला चीर गेली की ती वाढत जाते, आणि तोच भाग हजारो वेळा फुगवला की थकतो, हे काम करणाऱ्या प्रत्येकाला माहितीय. म्हणूनच तर त्यावर रिसर्च चालू आहे ना. ब्रसेल्सच्या एका विद्यापीठातल्या गटाने २०१७ मध्ये असा रबरासारखा पॉलिमर वापरून हात आणि ग्रिपर (वस्तू पकडणारी रोबॉटची बोटं) बनवले की कापला गेला तर गरम केल्यावर तुटलेले बंध परत जुळतात आणि चीर भरून येते. त्याआधी २०१४ मध्ये हार्वर्डच्या गटाने साधारण ६५ सेंटिमीटर लांबीचा चार पायांचा सॉफ्ट रोबॉट बर्फात चालवला, थोडा वेळ आगीच्या ज्वाळांतून नेला आणि वर त्याच्यावरून गाडी घातली, तरी तो चालत राहिला. लोखंडी रोबॉटवरून गाडी घालायची कुणाची तयारी आहे?

आणि नाजूक म्हणजे काय, हे एकदा समुद्राच्या तळाशी जाऊन विचारायला हवं. मारियाना ट्रेंचमध्ये, म्हणजे समुद्रातल्या सगळ्यात खोल दरीत, १०,९०० मीटरवर दाब हजार वातावरणांहून जास्त असतो. तिथे नेहमीच्या पाणबुडीला जाडजूड कवच लागतं. चीनच्या चेच्यांग विद्यापीठाशी संबंधित गटाने २०२१ मध्ये कवच काढूनच टाकलं. त्याच ट्रेंचमध्ये साधारण ८,००० मीटर खोलीपर्यंत राहणाऱ्या स्नेलफिश माशाच्या कवटीची हाडं पूर्ण जुळलेली नसतात हे बघून त्यांनी इलेक्ट्रॉनिक्सचे भाग एका पाटीवर गच्च बसवायच्या ऐवजी सुटे सुटे करून सिलिकॉनमध्ये ओतले. दाब आला तरी भाग एकमेकांवर रेटून फुटत नाहीत. १०,९०० मीटरवर त्या रोबॉटने पंख हलवून दाखवले (तिथे तो एका मोठ्या यंत्राला धरलेला होता, हे पण सांगायला हवं), आणि दक्षिण चीन समुद्रात ३,२२४ मीटरवर तो मोकळा पोहला. तिथे तो टिकला कारण तो मऊ होता.

तिसरा, कॉम्प्रेसरला बांधलेले. २०१६ चा हार्वर्डचा ऑक्टोबॉट बघा, ऑक्टोपसच्या आकाराचा, पूर्ण मऊ, बॅटरी नाही, वायर नाही, आत हायड्रोजन पेरॉक्साइड, प्लॅटिनमवर त्याचा गॅस होतो आणि तोच हात फुगवतो, कुठला हात कधी ते बारीक नळ्यांचं सर्किट ठरवतं. करत काय होता तर आलटून पालटून हात उचलत होता, बस, त्याला कुणी कामाचा रोबॉट म्हणत नाही. पण पुढे २०२१ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सॅन डिएगोमधल्या गटाने इलेक्ट्रॉनिक्सशिवाय चार पायांवर चालणारा रोबॉट केला, चालायची लय हवेच्याच झडपा ठरवतात. आणि खरं सांगू, फॅक्टरीत कॉम्प्रेसर असतोच, तिथल्या ग्रिपरला नळी जोडलेली आहे म्हणून तो रोबॉट नाही असं म्हणायला काही अर्थच नाही.

आता चौथा, "प्राण्यांची नक्कल". यावर मला जास्त बोलायचंय कारण गैरसमजाचं मूळ इथेच आहे.

२००६ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग छापून आला. वाहत्या पाण्यात मध्ये एक खांबासारखा अडथळा, त्याच्या मागे पाण्यात भोवरे एकाआड एक दोन्ही बाजूंना सुटत राहतात. त्या भोवऱ्यांत ट्राउट मासा सोडला. मेलेला. आणि तो मेलेला मासा अंग वळवत वळवत प्रवाहाच्या विरुद्ध, अडथळ्याच्या दिशेने पुढे गेला. मेंदू बंद, स्नायू बंद. अंगाची लवचीकता आणि आकार असा की समोरून येणाऱ्या भोवऱ्यांतूनच त्याला पुढे जायला जोर मिळाला. ससून डॉकवर ताजा बांगडा शेपटीपाशी धरून हलवून बघा, सगळं अंग कसं ओळीने वळत जातं ते हाताला कळतं. म्हणजे पोहण्याचं अर्धं काम शरीरच करतंय, डोक्याला त्याचा हिशोब ठेवावाच लागत नाही. मऊ शरीर वापरायचं ते यासाठी, मासा दिसायला हवा म्हणून नाही.

हेच ग्रिपरमध्ये बघा. पिकलेला चिकू उचलायचाय. लोखंडी बोटांना कॅमेरा लागतो, फोर्स सेन्सर लागतो, चिकू केवढा, कुठे धरायचा, किती दाबायचा याचा सगळा कोड लागतो, आणि चिकू थोडा वाकडा निघाला की परत कोड. सिलिकॉनच्या बोटात वरच्या बाजूला छोट्या छोट्या पोकळ्यांची रांग असते, खालच्या थरात न ताणला जाणारा कागद किंवा कापड. हवा सोडली की पोकळ्या फुगून एकमेकींना ढकलतात, खालची बाजू लांब होऊ शकत नाही, म्हणून बोट आत वळतं आणि चिकूला भेटेल तसं त्याच्या आकारावर बसतं. जिथे आधी लागलं तिथे थांबतं, बाकीचं बोट वळत राहतं. दाब वाटला जातो, सालीवर डाग पडत नाही. आकाराचं गणित कुणी केलं? बोटानेच. असे ग्रिपर फूड फॅक्टऱ्यांमध्ये प्रत्यक्ष कामाला लागलेले आहेत, त्यामुळे "फक्त व्हिडिओ" हेही गेलं.

शेवटचा, "आपल्याला काय उपयोग, श्रीमंत देशांचे लाड". हे मुंबईत राहून कसं लिहवतं कळत नाही. जुलै २०१९ मध्ये डोंगरीत केसरबाई बिल्डिंग पडली, गल्ली एवढी चिंचोळी की मोठी मशिनरी आत जाईना, लोक साखळी करून हातोहात ढिगारा बाहेर काढत होते. आत कोण कुठे अडकलंय हे बघायला काय हवं असतं? फटीतून आत जाणारं काहीतरी. स्टॅनफर्डच्या गटाने २०१७ मध्ये वेलीसारखा "वाढणारा" रोबॉट दाखवला, पातळ प्लास्टिकची नळी आत उलटी गुंडाळलेली, हवा भरली की टोकाशी उलगडत पुढे सरकते. मागचा भाग जागचा हलत नाही त्यामुळे घासत नाही, अडकत नाही, चिकटपट्टीतून आणि खिळ्यांवरूनसुद्धा जातो. ७२ मीटरपर्यंत वाढवून दाखवला, १०० किलोचा क्रेट खालून उचलला, टोकाला कॅमेरा बसवता येतो. पेरूमधल्या एका पुरातत्त्वीय जागेत माणूस शिरू शकत नाही अशा बोगद्यांत तो नेलाय. अजून तो कुठल्या बचावपथकाच्या रोजच्या सामानात नाही, ओला ढिगारा, सळ्या, चिखल यात बरंच काम बाकी आहे. पण ते काम कुणी करायचं? ज्यांच्या शहरात पावसाळ्यात जुन्या इमारती पडतात त्यांनीच ना.

आणि महाग म्हणाल तर मूळ सामान म्हणजे पॉलिथिनची नळी आणि हवा. सिलिकॉनच्या बोटाला लागणारा छोटा पंप आणि व्हॉल्व्ह लॅमिंग्टन रोडवर बघा, नळ्या आणि फिटिंग्ज नागदेवी स्ट्रीटला, साचा कॉलेजच्या थ्रीडी प्रिंटरवर होतो. डिझाइनच्या फाइल्स हार्वर्डच्या सॉफ्ट रोबॉटिक्स टूलकिटमध्ये फुकट आहेत. त्या दोघींना आणि इतर कुणी करणार असेल त्यांना एवढंच सांगतो, प्लॅटिनम क्युअर (प्लॅटिनमच्या मदतीने घट्ट होणारं) सिलिकॉन घेतलंत तर मिक्स करताना लेटेक्सचे ग्लोव्हज अजिबात वापरू नका, त्यातल्या गंधकामुळे सिलिकॉन सेटच होत नाही, चिकट राहतं. नायट्राइलचे घ्या. ओतायच्या आधी व्हॅक्यूममध्ये बुडबुडे काढून घ्या, कारण बोट फुटतं ते बहुतेक वेळा बुडबुड्याच्याच जागी.