‘सगळ्यांसाठी मदत आहे, मग यांना वेगळी कशाला?’

कॅनडातल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर अधूनमधून फिरून येतो. त्याचा मथितार्थ असा: शहरात मार खाणाऱ्या बाईसाठी शेल्टर आहे, समुपदेशक आहेत, ९११ आहे, तरी सरकार आदिवासींसाठी वेगळी ‘सांस्कृतिक’ केंद्रं पोसतं. तिथे धूप जाळतात, ढोल वाजवतात आणि मारणारा नवरा सुटतो. शिवाय हिंसा त्यांच्या रक्तातच आहे.

‘शहरात ते असतात तरी किती’ हे आधी निकालात काढू. २०२१च्या जनगणनेत ८ लाखांहून जास्त फर्स्ट नेशन्स, मेटी आणि इनुइट, म्हणजे कॅनडातले आदिवासी, मोठ्या शहरांत राहत होते.

आता सगळ्यांसाठीची मदत. ती आहेच, पण ही बाई फोन उचलेल का? घरात मारहाण होते असं बाहेर कळलं की बालसंरक्षणवाले येणार आणि मुलं नेणार, ही तिची धास्ती. ती उगाच नाही. २०२१मध्ये देशातल्या १५ वर्षांखालच्या मुलांत आदिवासी मुलं ७.७ टक्के होती, फॉस्टर केअरमधल्या, म्हणजे आईबापांपासून काढून दुसऱ्या घरी ठेवलेल्या, मुलांत मात्र ५३.८ टक्के. ऑन्टारियोत २०२०पर्यंत ‘बर्थ अलर्ट’ चालायचे. बाई बाळंतपणाला येण्याआधीच हॉस्पिटलात तिच्या नावापुढे शेरा पडलेला असे: बाळ झालं की कळवा. अनेकींना त्याचा पत्ताही नसे. आजीला आदिवासी मुलांना घरापासून तोडणाऱ्या निवासी शाळेत नेलेलं, आईला लहानपणी परक्या घरी दत्तक दिलेलं, अशी घरं इथे पुष्कळ आहेत. त्या घरातली लेक सरकारी खिडकीपाशी जाऊन ‘नवरा मारतो’ म्हणेल? समोर आपल्यातली बाई बसलेली असेल, तर निदान आत तरी येईल. मूल धोक्यात असेल तर कायद्याने या केंद्रांनाही कळवावंच लागतं. पण तेव्हा मावशी-आजीकडे मूल राहू शकतं का, हे विचारणारं कुणीतरी तिच्या बाजूला असतं.

धुपाबद्दल. शिंपल्यात सेज नावाची सुगंधी वनस्पती पेटवतात. धूर ओंजळीने डोक्यावरून, डोळ्यांवरून, छातीवरून घेतात. मग गोल बसायचं. गरुडाचं पीस ज्याच्या हातात, तोच बोलणार; मध्ये कुणी तोंड घालायचं नाही. सुरक्षेचा आराखडा, कोर्टात सोबत, घरासाठीचे अर्ज हे सगळंही त्याच केंद्रातून होतं. आपल्या मंडळाची बैठक गणपतीच्या आरतीने सुरू झाली तर आपण हसत नाही. आणि पॉटलॅचसारख्या (पश्चिम किनाऱ्यावरच्या आदिवासींचा भेटी वाटण्याचा सोहळा) विधींवर याच देशात १९५१पर्यंत कायद्याने बंदी होती.

नवरा सुटतो? ऑन्टारियोतल्या फ्रेंडशिप सेंटरांमध्ये, म्हणजे शहरातल्या आदिवासींच्या केंद्रांमध्ये, पुरुषांसाठी ‘किझाय अनिशिनाबे नीन’ नावाचा कार्यक्रम चालतो. तिथे आपल्याच समाजातल्या पुरुषांसमोर आपल्या हिंसेबद्दल बोलावं लागतं. अशा ठिकाणी गेल्याने खटला आपोआप मिटत नाही. सुप्रीम कोर्टाच्या १९९९च्या ग्लॅड्यू निकालानुसार न्यायाधीश शिक्षा ठरवताना आदिवासी आरोपीची पार्श्वभूमी विचारात घेतात. त्याला निर्दोष ठरवत नाहीत. लोकसंख्येत ५ टक्के असलेल्या आदिवासींचं संघीय तुरुंगांतलं प्रमाण २०२०मध्ये ३० टक्क्यांवर गेलं होतं. सुटतंय कोण?

‘रक्तातच’वाल्यांनी निवासी शाळांची चौकशी करणाऱ्या सत्य आणि समेट आयोगाचा २०१५चा अहवाल चाळावा. दीड लाखाहून जास्त मुलं आईबापांपासून तोडून निवासी शाळांत कोंबली. तिथली मारहाण आणि लैंगिक अत्याचार त्यात नोंदलेले आहेत. शेवटची शाळा १९९०च्या दशकात बंद झाली, म्हणजे तिथे शिकलेले आज कुणाचे तरी आईबाप आहेत.

आणि मारणारा दर वेळी आदिवासीच असतो, हे कुणी ठरवलं? शहरात संसार सरमिसळीचे असतात. मार खाणारी बाई आदिवासी असेल, नवरा कुठलाही असू शकतो.