फाइल वाचायची वेळ आली की इव्हेंट लूप उघडा पडतो

इव्हेंट लूपवर, म्हणजे एकाच थ्रेडवर (कामाच्या एकाच धाग्यावर) अनेक कनेक्शन्स आळीपाळीने हाताळत, चालणारा सर्व्हर लिहिणाऱ्याकडून पहिला नियम घोकून घेतला जातो तो म्हणजे लूप कधीही अडवायचा नाही. आणि त्याच लूपमध्ये डिस्कवरची एक साधी फाइल वाचायची झाली, तर हा नियम पाळण्याचे धड साधन लिनक्सने वर्षानुवर्षे दिले नाही, याचा मला मनस्वी संताप येतो. सॉकेट, म्हणजे नेटवर्क कनेक्शनचे टोक, नॉनब्लॉकिंग (न अडवणारे) केले की डेटा नसल्यास कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, तसे लगेच कळवतो. फाइलवर तोच फ्लॅग लावा, तो निमूटपणे स्वीकारला जातो आणि त्याचा परिणाम शून्य होतो. कोणते कनेक्शन तयार आहे ते सांगणाऱ्या सिलेक्ट आणि पोल या कॉल्सच्या लेखी फाइल सदासर्वदा तयारच असते. त्यांच्याच जातीच्या ईपोलमध्ये ती नोंदवायला गेलात, तर ‘ईपर्म’ (परवानगी नाही) हा एरर तोंडावर फेकला जातो. प्रत्यक्षात हवे असलेले पान पेज कॅशमध्ये (कर्नलने मेमरीत ठेवलेल्या प्रतींत) नसेल, तर डिस्क उत्तर देईपर्यंत रीड परतत नाही आणि तोवर त्या थ्रेडवरची सगळी कनेक्शन्स खोळंबतात. ७२०० आरपीएमच्या डिस्कवर नुसती तबकडी फिरून येण्याची सरासरी प्रतीक्षाच सुमारे ४ मिलिसेकंद असते, हेड सरकण्याचा वेळ निराळा. आणि फाइल एनएफएसवर, म्हणजे नेटवर्कवरून जोडलेल्या दुसऱ्या यंत्रावर, असून पलीकडचे यंत्र गप्प झाले असेल, तर वेळेचा हिशेबच उरत नाही. वर आलेखात सीपीयू रिकामा दिसतो, म्हणून सगळे जण सर्व्हरच्याच कोडकडे बोट दाखवतात!

उपाय म्हणून जे पुढे केले जाते, त्याने तर डोके अधिकच फिरते. ग्लिबसी या लिनक्सवरच्या नेहमीच्या सी लायब्ररीमधील पॉझिक्स एआयओ (असिंक्रोनस, म्हणजे न थांबता वाचन-लेखन) आतून थ्रेड्सच वापरते. कर्नलचे एआयओ भरवशाने असिंक्रोनस हवे असेल, तर फाइल उघडताना ओ-डायरेक्ट हा फ्लॅग घ्या, म्हणजे पेज कॅशवर पाणी सोडा आणि बफरच्या अलाइनमेंटचे (तो मेमरीत ठरावीक पत्त्यांवरच ठेवण्याचे) जोखड मानेवर घ्या. शिवाय ओपन (फाइल उघडणे) आणि स्टॅट (तिची माहिती विचारणे) यांची त्यात सोयच नाही. १९९९ मध्ये फ्लॅश या संशोधन-सर्व्हरने डिस्कच्या कामासाठी मदतनीस प्रोसेस ठेवल्या होत्या, आणि २०१५ मध्ये एनजिनएक्स या वेब सर्व्हरला त्याच कारणासाठी थ्रेड पूल (असे काम उरकणाऱ्या थ्रेड्सचे राखीव गट) आणावे लागले. लिबयूव्ही या इव्हेंट लूपच्या लायब्ररीच्या पूलमध्ये मुळात चारच थ्रेड्स असतात, आणि होस्टच्या नावावरून पत्ता शोधणारे गेटॲड्रइन्फोही त्यांच्यावरच चालते. म्हणजे चार संथ फाइल्सनी ते थ्रेड्स अडवले की ज्या विनंतीचा फाइलशी काडीचाही संबंध नाही, तीसुद्धा होस्टचे नाव शोधण्यासाठी रांगेत उभी राहते. हे लोकांना आधी ठळकपणे सांगितले का जात नाही?

अखेर २०१९ मध्ये लिनक्स ५.१ सोबत आयओ-यूरिंग हे असिंक्रोनस वाचन-लेखनाचे नवे साधन आले, आणि फाइल उघडण्याची सोय त्यात ५.६ पासून झाली. ते खरोखर चांगले आहे. पण त्यात सुरक्षेच्या त्रुटी सापडत गेल्या आणि डॉकर या कंटेनर (प्रोग्रॅम वेगळा कोंडून चालवण्याच्या) साधनाच्या मूळ सेकॉम्प प्रोफाइलनेच, म्हणजे कर्नलला कोणत्या विनंत्या करता येतील हे ठरवणाऱ्या यादीनेच, त्याचे सिस्टिम कॉल्स बंद केले. सुरक्षेचे कारण मला मान्य आहे. मात्र त्यामुळे कंटेनरमध्ये सर्व्हर चालवणाऱ्यांना पुन्हा थ्रेड पूलचाच आकडा वाढवत बसावे लागते, आणि ‘एसएसडी घ्या’ हा सल्ला निमूट ऐकून घ्यावा लागतो, जणू एसएसडीवरचा रीड ब्लॉक होतच नाही!